पोत्याचा भाव आणि पक्ष्याचे वजन

शेतीला जोडधंदा म्हणून जपानी लावा पाळण्याची कल्पना गेल्या काही वर्षांत देशाच्या अनेक भागांत रुजली आहे. उत्तर भारतात 'बटेर' आणि तमिळनाडूत 'काडै' या नावाने परिचित असलेला हा पक्षी थोड्या जागेत मावतो, अवघ्या पाच आठवड्यांत विक्रीयोग्य होतो आणि सहा-सात आठवड्यांचा होताच अंडी देऊ लागतो. कर्जासाठी सादर होणाऱ्या प्रकल्प अहवालांत या गुणांचे वर्णन विस्ताराने केलेले असते. पिंजऱ्यांची मापे असतात, दरपत्रके जोडलेली असतात, विक्रीचे आशादायक अंदाजही असतात. खाद्याच्या रकान्यात मात्र बहुधा एकच आकडा आढळतो : प्रतिकिलो इतके रुपये. एकूण उत्पादन खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग ज्या बाबीवर खर्ची पडतो, तिची बोळवण एका ओळीत व्हावी, हे चिंताजनक आहे. शिवाय त्या ओळीतील आकडा जितका लहान तितका प्रकल्प किफायतशीर, असा एक सोयीचा समजही त्यामागे असतो. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

पाळीव जपानी लावा हा रानातला लावा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातून हा पक्षी उत्तर प्रदेशात बरेलीनजीकच्या इज्जतनगर येथे आणण्यात आला. १९७९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याच्या मांसासाठी आणि अंड्यांसाठी निरनिराळ्या जाती विकसित केल्या. रानातील लाव्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. त्यांना पकडणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. याच कायद्याच्या संदर्भात २०११ मध्ये जपानी लाव्याच्या नव्या परवान्यांवरही निर्बंध आले होते. ते पुढे दूर झाले आणि पालनाचा मार्ग मोकळा झाला. इज्जतनगरच्या या इतिहासाचा खाद्याशी थेट संबंध आहे. हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या शेडमध्ये, मोजूनमापून दिलेल्या खाद्यावर वाढला आहे. गवताचे बी आणि किडामुंगी टिपून तो पोट भरील, उरलेसुरले धान्य त्याला पुरेल, ही अपेक्षा त्याच्या बाबतीत फोल ठरते.

लहान देह, मोठी भूक

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले लाव्याचे पिल्लू ७-८ ग्रॅमचे असते. मांसासाठी वाढवलेल्या जातीत ते पाच आठवड्यांत १८० ग्रॅमच्या आसपास पोहोचते. म्हणजे वीसपटीहून अधिक वाढते. या काळात ते साधारण ५०० ग्रॅम खाद्य खाते. भागाकार केला तर एक किलो जिवंत वजनासाठी सुमारे पावणेतीन किलो खाद्य लागते. ब्रॉयलर कोंबडी हेच काम पावणेदोन किलोच्या आत करते. लहान देहाच्या वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो; अंगातली ऊब सतत बाहेर निसटते आणि ती भरून काढण्यासाठीच बरेचसे खाद्य खर्ची पडते. 'पक्षी लहान, म्हणून खाणे थोडे' हे नगामागे खरे असले, तरी किलोमागे साफ खोटे आहे.

या साध्या गणितातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. खाद्याच्या बाबतीत लावा ब्रॉयलरशी स्पर्धा करू शकत नाही. त्याचा धंदा टिकतो तो नगावर मिळणाऱ्या चढ्या दरामुळे. हा दर मिळावयाचा तर पक्षी भरलेला, मांसल आणि वेळेवर तयार झालेला असावा लागतो. खाद्याची प्रत घसरली की पहिला आघात नेमका याच तीन गोष्टींवर होतो.

वाढीच्या वयातील लाव्याला खाद्यात सुमारे २४ टक्के प्रथिने आणि किलोमागे २९०० किलोकॅलरी ऊर्जा असावी, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची १९९४ ची पोषणमाने सांगतात. पहिल्या तीन आठवड्यांसाठी भारतात २७ टक्क्यांपर्यंतही शिफारस केली जाते. बाजारात मिळणाऱ्या ब्रॉयलर प्री-स्टार्टर खाद्यात हे प्रमाण साधारण २२ ते २३ टक्के, तर अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात १६ ते १८ टक्के असते. स्वस्त पडते म्हणून लाव्याच्या पिल्लांना कोंबड्यांचे लेअर खाद्य घालणे ही सर्वांत घातक काटकसर होय. त्यात प्रथिने अपुरी असतातच. शिवाय अंड्याच्या कवचासाठी घातलेले भरपूर कॅल्शियम कोवळ्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना पेलत नाही.

वाचलेला रुपया आणि गेलेला आठवडा

पाच आठवड्यांत खाल्ल्या जाणाऱ्या ५०० ग्रॅम खाद्यापैकी पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लू २०० ग्रॅमही खात नाही. उदाहरणादाखल चांगल्या खाद्याचा भाव किलोला ४० रुपये आणि हलक्या खाद्याचा ३५ रुपये धरला, तर हलके खाद्य घालून या तीन आठवड्यांत एका पक्ष्यामागे होणारी बचत जास्तीत जास्त एक रुपया भरते. आता दुसरी बाजू. याच काळात स्नायूंची वाढ खुंटली आणि अपेक्षित वजन गाठण्यास एक आठवडा अधिक लागला, तर त्या वयातील पक्षी दिवसाला २५ ग्रॅमप्रमाणे आठवड्यात १७५ ग्रॅम खाद्य खातो. ४० रुपयांच्या दराने त्याचे ७ रुपये होतात. ३५ रुपयांच्या दराने धरले तरी सहा रुपयांहून अधिकच. एक रुपया वाचवण्यासाठी सहा रुपये मोजण्याचा हा व्यवहार झाला. हजार पक्ष्यांच्या एका तुकडीत ही तूट पाच हजारांच्या घरात जाते आणि छोट्या कर्जदाराचा हप्ता नेमका तेवढ्यावरच अडतो.

शिवाय वेळेचीही किंमत असते. पाच आठवडे संगोपन आणि एक आठवडा साफसफाई व विश्रांती असे सहा आठवड्यांचे चक्र धरले, तर वर्षात साडेआठच्या जवळपास तुकड्या निघतात. चक्र सात आठवड्यांवर गेले की ही संख्या साडेसातच्या खाली येते. शेडचे भाडे, विजेचा आकार आणि कर्जावरील व्याज मात्र तुकड्या मोजून लागत नाहीत.

काटकसर करावयाची ती चौथ्या आठवड्यापासून. तोवर पक्ष्याची चण तयार झालेली असते, खाद्याचा मोठा वाटा याच दोन आठवड्यांत खपतो आणि प्रथिनांचे प्रमाण २६ वरून २३ टक्क्यांपर्यंत उतरवले तरी वाढीला फारशी झळ बसत नाही. ३०० ग्रॅम खाद्यावर किलोमागे तीन रुपये वाचले, तर पक्ष्यामागे ९० पैसे होतात. पहिल्या तीन आठवड्यांत जो रुपया जोखमीने वाचवावयाचा, तो जवळजवळ तसाच येथे निर्धोकपणे हाती येतो. इतके असूनही बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत एकाच पोत्यातले खाद्य दिले जाते, ही आश्चर्याची गोष्ट होय.

पोत्यावरचा आकडा

पोत्यावर 'प्रथिने २४ टक्के' असे छापलेले असले म्हणजे काम भागले, असेही नाही. प्रथिनांचे प्रमाण प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून काढले जाते. पेंडीत युरिया मिसळला तरी आकडा वाढतो. पक्ष्याला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. भेसळ सोडली तरी प्रथिनाप्रथिनांत फरक असतोच. शेंगदाणा पेंडीत प्रथिने भरपूर असली, तरी लायसिन आणि मेथिओनिन ही अत्यावश्यक अमिनो आम्ले तीत तोकडी पडतात. सोयाबीन पेंड लायसिनच्या बाबतीत समृद्ध असते. मेथिओनिन मात्र तिलाही बाहेरून पुरवावे लागते. हे मेथिओनिन किलोच्या भावाने महाग वाटते, पण १०० किलो खाद्यात त्याची मात्रा शे-दोनशे ग्रॅमांचीच असते. ते गाळून केलेली बचत ही बचत म्हणवून घेण्याच्या लायकीची नाही.

घरी खाद्य तयार करू इच्छिणाऱ्यास मिश्रणाचे गणित अवघड नाही. मक्यात सुमारे ९ टक्के आणि सोयापेंडीत ४५ टक्के प्रथिने धरली आणि मिश्रणात २४ टक्के हवी असतील, तर २४ वजा ९ म्हणजे १५ भाग पेंड आणि ४५ वजा २४ म्हणजे २१ भाग मका घ्यावा लागतो. शेकड्यात साधारण ५८ किलो मका आणि ४२ किलो पेंड. खनिजे, जीवनसत्त्वे, मीठ आणि डायकॅल्शियम फॉस्फेट यांना जागा करून देण्यासाठी मक्यातले काही किलो कमी करावे लागतात आणि पेंड किंचित वाढवावी लागते. अंतिम सूत्र पशुवैद्यकीय महाविद्यालयातून वा कृषी विज्ञान केंद्रातून तपासून घेणे श्रेयस्कर. तयार प्री-स्टार्टर वापरणाऱ्यासाठी याहून सोपा उपाय आहे. २२ टक्क्यांच्या अशा खाद्यात शेकडा ९ किलो सोयापेंड मिसळली की प्रमाण २४ टक्क्यांवर येते. हे दाणेदार खाद्य पहिल्या आठवड्यात बारीक दळूनच द्यावे लागते, कारण ८ ग्रॅमच्या पिल्लाच्या चोचीत कोंबडीच्या पिल्लासाठी केलेला दाणा मावत नाही. दाणा मोठा असला तर पिल्लू भरल्या भांड्यासमोर उपाशी राहते.

कच्चा माल प्रदेशानुसार बदलावयास हरकत नाही. किंबहुना तो बदलावाच. राजस्थान-गुजरातेत बाजरी सहज मिळते आणि प्रथिनांत ती मक्याला थोडी सरसच असते. छत्तीसगड, बंगाल, आंध्र या भातपट्ट्यात तांदळाची कणी मक्याची जागा अंशतः घेऊ शकते. बिहारमध्ये रब्बीचा मका उन्हाळ्याच्या तोंडी बाजारात येतो. मराठवाडा-विदर्भात खरिपानंतर सोयाबीनची आवक वाढते. हंगामात घेऊन ठेवलेला माल स्वस्त पडतो, पण ओलावा मोजूनच तो घ्यावयास हवा. मक्यात बारा-तेरा टक्क्यांहून अधिक ओल राहिली तर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. असा मका नंतर कितीही वाळवला तरी ते विष जात नाही. पावसात काळी पडलेली ज्वारी 'पाखरांना चालेल' म्हणून निम्म्या भावात विकली जाते, तेव्हा खरेदीदाराने हात आखडता घेतलेला बरा.

भावांची चंचलता हा तर स्वतंत्र विषय आहे. २०२१ मध्ये सोयापेंडीचे दर इतके भडकले, की त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. कोंबडीखाद्याच्या मक्याला एक तालेवार प्रतिस्पर्धी मिळाला. त्याच डिस्टिलऱ्यांतून धान्याचा उरलेला प्रथिनयुक्त चोथा, ज्याला व्यापारी 'डीडीजीएस' म्हणतात, तो आता पेंडीहून स्वस्त दरात विकला जातो. मोठ्या पक्ष्यांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात तो चालतो. पिल्लांच्या खाद्यात तो घालू नये. मूळ धान्यातील बुरशीचे विष आंबवण्याच्या प्रक्रियेनंतर चोथ्यात अधिक दाट होऊन उतरते, हे त्यामागचे कारण होय. अझोलाविषयीही अवास्तव बोलले जाते. वाळलेल्या अझोल्यात प्रथिने चांगली असतात, हे खरे. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. एक किलो कोरड्या खाद्याची जागा घेण्यास टोपलीभर वनस्पती लागते आणि लाव्याच्या इवल्याशा पोटात ती मावावी कशी?

सांडलेले खाद्य आणि पोसलेले नर

लावा खाताना चोच आडवी झटकतो आणि दाणे दूर उडवतो. हा त्याचा स्वभावच आहे. भांडे काठोकाठ भरलेले असेल तर शंभरातले आठ-दहा किलो खाद्य सहज खालच्या तुसात जाते. हजार पक्ष्यांच्या तुकडीला ५०० किलो खाद्य लागते. त्यातील आठ टक्के वाया गेले तर ४० किलो, म्हणजे ४० रुपयांच्या दराने १,६०० रुपये एका तुकडीत आणि आठ तुकड्यांत १२,८०० रुपये. भांडे अर्ध्याहून कमी भरणे, त्याचा काठ आत वळलेला असणे, खाद्यावर तारेची जाळी अंथरणे आणि दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खाद्य घालणे एवढ्याने ही गळती पुष्कळ आटोक्यात येते. पोत्याच्या भावात रुपया-दोन रुपयांची घासाघीस करणाऱ्या पालकाच्या शेडमध्ये तूस चाळून पाहिल्यास तो रुपया तेथेच सापडतो.

पिल्लांची ऊब हाही खाद्याचाच भाग आहे. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती ३५ ते ३७ अंश सेल्सियस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवता येते. विजेचे बिल वाचावे म्हणून रात्री दिवे मालवले, तर गारठलेले पिल्लू महागडी प्रथिने अंग तापवण्यासाठी जाळते. जी पिल्ले तेही करू शकत नाहीत, ती कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात. पाण्याच्या उथळ भांड्यात गोट्या वा खडे टाकण्याची जुनी रीतही याच कारणासाठी पाळावी. बुडालेल्या पिल्लाने तोवर खाल्लेले खाद्य परत मिळत नाही.

अंड्यांसाठी लावे पाळणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक खर्च डोळ्यांआड राहतो. मूळ रंगाच्या जातींत तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नर-मादी ओळखता येतात : नराची छाती तांबूस व एकरंगी असते, मादीच्या छातीवर काळसर ठिपके असतात. खाण्याच्या अंड्यांसाठी नराची मुळीच गरज नसते. उबवणीची अंडी हवी असतील तर दोन-तीन माद्यांमागे एक नर पुरतो. तरीही अनेक शेडमध्ये निम्मे नर महिनोन्‌महिने पोसले जातात. दिवसाला २५ ग्रॅम म्हणजे एक रुपया, महिन्याला ३० रुपये. शंभर अनावश्यक नर तीन महिने राहिले तर ९,००० रुपयांचे खाद्य फस्त होते आणि बदल्यात मिळते ती केवळ भांडणे. नर पाचव्या आठवड्यात मांसासाठी विकून, राहिलेल्या माद्यांना २० टक्के प्रथिने आणि अडीच ते तीन टक्के कॅल्शियम असलेले स्वतंत्र खाद्य द्यावे. शिंपल्यांचा चुरा वा चुनखडी त्यासाठी पुरेशी आणि स्वस्तही असते.

मांसाच्या पक्ष्यांतही विक्री लांबली की हाच प्रकार होतो. पाच आठवड्यांनंतर वजन संथपणे वाढते, भूक मात्र तशीच राहते. बर्ड फ्लूच्या बातमीने अथवा श्रावण-नवरात्रात मागणी मंदावते, व्यापारी आठवडाभर फिरकत नाही आणि हजार पक्षी सात हजारांचे खाद्य खाऊन जातात. म्हणून पिल्ले आणण्याची तारीख विक्रीच्या तारखेवरून उलट मोजून ठरवावी.

उधारीचे खाद्य

खाद्याची प्रत बिघडण्यामागे अज्ञानापेक्षा हातातील पैशाची चणचण अधिक कारणीभूत असते, हे मान्य करावयास हवे. पिंजरे आणि शेड यांसाठी मुदत कर्ज घेतले जाते. खाद्याचे पैसे 'पहिल्या विक्रीतून' येतील असे गृहीत धरले जाते. पहिली विक्री पाच आठवड्यांनी होते, भूक मात्र पहिल्या दिवसापासून लागते. मग खाद्यविक्रेत्याकडून उधारी सुरू होते. रोखीचा भाव ४० रुपये आणि महिन्याच्या उधारीचा ४३ रुपये असेल, तर तीन रुपयांचा तो फरक किरकोळ वाटतो. पण ४० रुपयांवर महिन्याला तीन रुपये म्हणजे साडेसात टक्के आणि वर्षाला ९० टक्के दराचे व्याज झाले. कोणतीही बँक इतके व्याज आकारीत नाही. शिवाय उधारीच्या ग्राहकाला पोते निवडण्याचा अधिकार राहत नाही. दुकानदार जे देईल ते घ्यावे लागते.

२०१९ मध्ये किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालन आणि मत्स्यव्यवसाय यांच्या खेळत्या भांडवलासाठीही खुली झाली व कुक्कुटपालनाचा तीत समावेश आहे. कर्जमर्यादा जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेल्या प्रमाणानुसार निश्चित होते. हजार पक्ष्यांच्या एका तुकडीला ५०० किलो खाद्यासाठी वरील दराने २० हजार रुपये लागतात. दोन तुकड्यांचे खाद्य, पिल्लांची किंमत आणि विक्री आठवडाभर लांबल्यास लागणारे सात हजार, एवढी तरतूद मुदत कर्जाच्या अर्जाबरोबरच मागावयास हवी. शेड उभी राहिल्यावर नव्हे. प्रकल्प अहवालातील खाद्याची ती एक ओळ तोडून निदान तीन ओळी कराव्यात : पहिल्या तीन आठवड्यांचे खाद्य, पुढील दोन आठवड्यांचे खाद्य आणि सांडलवंड. चौथी ओळ अंड्यांवरच्या माद्यांची.

अहवालाबरोबर शेडमध्ये एक साधी वहीही लागते. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी, निरनिराळ्या पिंजऱ्यांतील दहा पक्षी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावेत आणि आठवड्याचे वजन व संपलेले खाद्य शेजारी शेजारी लिहावे. तिसऱ्या आठवड्याअखेर मांसाच्या जातीचा पक्षी नव्वद-शंभर ग्रॅमच्या आसपास असावयास हवा. तो सत्तरवर रेंगाळत असेल, तर त्याच दिवशी पोते उघडून वास घ्यावा, दिवे व भांडी तपासावीत आणि गरज पडल्यास खाद्य बदलावे. विक्रीला तेव्हा अजून दोन आठवडे शिल्लक असतात.